स्थळदर्शनवाले सर

परिषदेच्या पहिल्या मीटिंगमध्ये कमिट्यांचं वाटप होतं तेव्हा कॉलेजातला प्रत्येक माणूस उघडा पडतो. ज्याला मंचावर बसायचंय तो टेक्निकल कमिटी घेतो. ज्याला कुलगुरूंच्या शेजारी उभं राहून फोटो हवाय तो स्वागत कमिटी घेतो. हिशेब ज्याला खरोखर कळतो असा एकच जण असतो. तो नको-नको म्हणत असताना त्याला खजिनदार करतात. भोजन समिती आधी सगळ्यांना हवी असते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता कोणालाच नको असते. मग चहा येतो, खुर्च्या सरकू लागतात, आणि कोणी काही विचारायच्या आत कोपऱ्यातून आवाज येतो, "स्थळदर्शन आणि सोशल प्रोग्रॅम माझ्याकडे. बस सांगून ठेवलीय."

परिषदेचा विषय अजून ठरायचा असतो. बस ठरलेली असते.

हे आमचे स्थळदर्शनवाले सर. खातं भौतिकशास्त्राचं. द्रवांची श्यानता हा प्रबंधाचा विषय. म्हणजे काकवी पाण्यापेक्षा सावकाश का वाहते, याचा सरांनी काही वर्षं कसून अभ्यास केला. त्यानंतर त्यांनी एकही शोधनिबंध वाचल्याचं कोणाला आठवत नाही. परंतु त्या अभ्यासाचा उपयोग झाला नाही असं मात्र कोणी म्हणू नये. चाळीस-बेचाळीस विद्वानांना एका जिन्यावरून वर नेऊन दुसऱ्या जिन्यानं खाली आणणं हा श्यानतेचाच प्रश्न आहे, आणि तो सोडवणारा माणूस पुणे शहरात त्यांच्याइतका तयारीचा दुसरा नाही.

टेक्निकल कमिटीशी त्यांचं पहिलं भांडण तारखांवरून होतं. बाकीचे लोक बीजभाषक कधी मोकळे आहेत ते बघतात. सर वार बघतात. "सोमवारी अजिंठा बंद. घारापुरी बंद. मंगळवारी वेरूळ बंद," हे ते इतक्या गंभीरपणे म्हणतात की नवख्याला वाटावं, घरात काही बरंवाईट झालंय. परिषद रविवारी संपवून पाहुण्यांना सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ दाखवायची टूम एकदा कोणीतरी काढली होती. सर उठून उभे राहिले. "म्हणजे दोन दिवस त्यांना काय हॉटेलची लॉबी दाखवू?" शेवटी त्यांच्याच मनासारखं होतं. आमच्या परिषदांच्या तारखा विज्ञानाच्या प्रगतीवर ठरत नाहीत, पुरातत्त्व खात्याच्या साप्ताहिक सुट्टीवर ठरतात.

यामागे सरांचा एक सिद्धांत आहे, आणि तो ऐकवायला ते फार वेळ लावत नाहीत. परिषद म्हणजे पेपर नव्हे. "पेपर पीडीएफमध्ये घरबसल्या मिळतो. अडकित्ता मिळतो का पीडीएफमध्ये?" मग ते इतिहासात शिरतात. 1814-15 साली व्हिएन्नात युरोपभरचे राजे आणि मुत्सद्दी नकाशा नव्यानं आखायला जमले, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते तिथले नाच. 1831 साली यॉर्कला ब्रिटिश असोसिएशनची पहिली सभा भरली. पुढं असल्या विद्वानांच्या खाण्यापिण्याची खुद्द डिकन्सनं रेवडी उडवली. आम्हाला ती टवाळी वाटते. सरांना तो सोशल कमिटीचा कार्यअहवाल वाटतो. अखेर ते पुण्यावर येतात. 1919 साली पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद भांडारकर संस्थेत भरली. "एवढे शास्त्री-पंडित देशभरातून आले. निबंध कोणी वाचले ते छापलेलं आहे. पण त्यांना पर्वतीवर कोणी नेलं असेल? कोणीतरी नेलंच असणार! त्या माणसाचं नाव कुठंय?" हे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जी कळ उमटते ती पाहून मला कधी हसू येत नाही. आभाराच्या भाषणात त्यांचं स्वतःचं नाव केटररच्या नंतर आणि साउंड सिस्टिमच्या आधी येतं.

सरांचा खरा मतदारसंघ म्हणजे 'अकंपनीइंग पर्सन'. हा परिषदेतला एक वेगळाच वर्ण आहे. नोंदणी अर्जात त्याला निराळा दर असतो, गळ्यातल्या बिल्ल्याची दोरी निराळ्या रंगाची असते, आणि त्याला पेपर ऐकावे लागत नाहीत म्हणून सगळे प्रतिनिधी मनातून त्याचा हेवा करतात. बहुतेक प्राध्यापकांच्या बायका, क्वचित एखाद्या प्राध्यापिकेचा नवरा. हा नवरा सकाळी नऊपासून लॉबीत हातात पाण्याची बाटली धरून उभा असतो, कारण बाकी सगळ्या साड्या बघायला निघालेल्या असतात आणि आपण जावं की नाही हे त्याला कळत नसतं. सर त्याला बरोबर हेरतात आणि लगेच कामाला लावतात. त्याच्या हाती यादी देतात. संध्याकाळपर्यंत तो माणूस डोकी मोजण्यात इतका रंगतो की बायकोचं सादरीकरण कधी झालं याचा त्याला पत्ता नसतो.

मोजणी हा सरांचा नित्यनेम. बसमध्ये चढताना, उतरताना, तिकिटाच्या खिडकीपाशी, स्वच्छतागृहाच्या आधी आणि नंतर. एका हातात लांब काळी छत्री, गळ्यात शिट्टी, खांद्याला शबनम. शबनममध्ये इलेक्ट्रलच्या पुड्या, सेफ्टी पिना, हाजमोला, हॉटेलच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या आणि एक जास्तीचा बिल्ला ज्यावर नुसतं 'प्रतिनिधी' असं लिहिलेलं असतं. तो कोणासाठी असतो हे मी एकदा विचारलं. "एक जण नेहमी जास्त भरतो," सर म्हणाले. "आणि एक जण नेहमी कमी भरतो. तो एकच माणूस नसतो, हीच तर अडचण आहे."

केळकर संग्रहालयाच्या भेटीला मी मदतनीस म्हणून बऱ्याचदा गेलोय. नातूबागेच्या गल्लीत मोठी बस न्यायची हिंमत ड्रायव्हरमामा करत नाहीत; तेव्हा ती लांब उभी करायची आणि पाहुण्यांना पायी न्यायचं. बाजीराव रस्ता एकेरी आहे असं सर पाहुण्यांना सांगतात, आणि तेवढ्यात उलट्या दिशेनं एक स्कूटर येते. सर रस्त्याच्या मधोमध छत्री आडवी धरून उभे राहतात. वाहनं थांबत नाहीत, पण थोडी वळसा घालून जातात. एवढ्या फटीतून विज्ञान पलीकडे पोचतं. आमच्या सोशल प्रोग्रॅममध्ये साहसी खेळ म्हणून वेगळं काही ठेवावं लागत नाही.

आत शिरल्यावर सर एक मिनिट थांबतात आणि दिनकर केळकरांबद्दल सांगतात. चष्म्याचं दुकान चालवणारा माणूस, 'अज्ञातवासी' या नावानं कविता करणारा. गावोगाव हिंडून, जुन्या वाड्यांचे माळे धुंडाळून यानं दिवे जमवले, कुलपं जमवली, दौती, फण्या, हुक्के, पाय घासायच्या वजऱ्या जमवल्या. इतरांना जे अडगळ वाटत होतं तेच. वस्तू 20,000च्या घरात; मांडायला जागा मिळाली त्यातल्या जेमतेम 2,500 वस्तूंना. संग्रहाला नाव दिलं ते लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. आणि 1975 साली सगळं शासनाच्या हवाली करून टाकलं. हे सांगताना सर घड्याळ बघत नाहीत. छत्रीचं टोक जमिनीला टेकलेलं असतं. मग एकदम शिट्टी वाजते. "लेट्स मूव्ह! लॅम्प्स, फोर मिनिट्स!"

दिव्यांना चार मिनिटं, अडकित्त्यांना तीन, वाद्यांना पाच, मस्तानी महालाला पाच. अडलेला प्रवाह कुठं साचतो याचा सरांकडे पक्का ठोकताळा आहे. शस्त्रांपाशी पुरुष साचतात. फण्या आणि कुंकवाच्या करंड्यांपाशी परदेशी बायका साचतात. स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी एतद्देशीय जोडपी साचतात, कारण अगदी असाच शेवयांचा सोऱ्या दोघांपैकी एकाच्या आजीकडे होता आणि तो मोडीत कोणी घातला हा जुना खटला तिथंच पुन्हा उभा राहतो. हा साका फोडायला सरांना छत्री लागते.

अडकित्त्यांचं दालन ते स्वतः सांभाळतात. तिथं काही अडकित्ते असे आहेत की त्यांच्यावरची स्त्री-पुरुषाची जोडी बघून सुपारीचं कोणाच्या ध्यानात राहू नये. सर घाईघाईनं "फॉर बीटल नट, फॉर बीटल नट" म्हणत पुढं होतात. एकदा एक डच बाई मात्र वाकून, चष्मा वर करून नीट बघत राहिल्या आणि त्यांनी विचारलं, हे दोघं नेमकं काय करताहेत? प्राचार्यांच्या सौभाग्यवती शेजारीच होत्या. सरांनी क्षणभरही न थांबता उत्तर दिलं, "कटिंग, मॅडम. कटिंग."

मस्तानी महालाचं दुखणं निराळं. कोथरूडच्या महालाचे अवशेष आणून केळकरांनी तो इथं पुन्हा उभा केला. पूर्वी पाहुणे तिथं आदबीनं उभे राहायचे. 2015 साली मस्तानीवरचा चित्रपट आला आणि तेव्हापासून उत्तरेकडचे प्रतिनिधी आत आल्या-आल्या वर बघतात आणि विचारतात, आरसे कुठंयत? सर म्हणतात, आरसे सेटवर होते, हे खरं आहे. "खरं एवढंसंच?" असं एक लखनौचे प्राध्यापक म्हणाले. त्यांना त्या दिवशी बसमध्ये चाकावरची सीट मिळाली.

संग्रहालयातून बाकरवडी हा ठरलेला मार्ग. इथं सरांच्या आयुष्यातला एक सल आहे. वर्षानुवर्षं ते पाहुण्यांना चितळ्यांच्या बंद दुकानापुढं उभं करून सांगत आले, की जगात कुठंही दुकानदार गिऱ्हाइकाची वाट बघतो, पण पुण्यात एक ते चार गिऱ्हाईक दुकानदाराची वाट बघतं. पाहुणे पोट धरून हसायचे. बंद शटरसमोर फोटो काढायचे. मग चितळ्यांनी दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली. सगळ्या शहरानं टाळ्या वाजवल्या. सर आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. विनोद मात्र त्यांनी सोडलेला नाही. भर अडीच वाजता, उघड्या दुकानासमोर, आतून पिशव्या भरभरून बाहेर पडणाऱ्या माणसांना वाट देत, ते तोच विनोद त्याच ठेक्यात सांगतात. पाहुणे एकदा दुकानाकडे बघतात, एकदा सरांकडे, आणि पाहुण्यांच्या रीतीप्रमाणे हसतात.

रात्रीचं गाला डिनर मी थोडक्यात आटोपतो, कारण सगळी गाला डिनरं सारखीच असतात. लॉनवर हिरवळ ओली असते, प्राध्यापिकांच्या टाचा तीत रुततात, ढोल-ताशा पथक पाहुण्यांच्या कानापासून तीन फुटांवर सुरू होतं आणि अर्धा तास कोणी एकमेकांशी बोलू शकत नाही. फेटेवाला रांगेनं सगळ्यांना गुलाबी फेटे बांधतो. गणेशवंदना होते, कोळीनृत्य होतं, लावणी सुरू झाली की प्राचार्यांना फोन येतो. या सगळ्यात सरांची स्वतःची म्हणावी अशी भर एकच, पण मोठी आहे: ज्वारीची भाकरी. पूर्वी एक पाहुणा ग्लुटेन खात नाही, दुसरी दूध-तूप खात नाही, तिसऱ्याला अंडं चालत नाही, असे निरोप आले की भोजन समिती रडकुंडीला यायची. सरांनी शांतपणे पिठलं-भाकरीचा लाइव्ह काउंटर लावला. गहू नाही, दूध नाही, अंडं नाही. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही आहारविषयक तत्त्वज्ञानाला सर एकच उत्तर देतात आणि बोट दाखवून भाकरी थापणाऱ्या मावशींकडे पाठवतात. तिखटाबद्दल मात्र त्यांना काही विचारू नये. "लेस स्पायसी" या त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवलेला एक फिन्निश गृहस्थ ठेच्याचा चमचा तोंडात घालून बराच वेळ आकाशाकडे बघत होता.

पण सांगायची गोष्ट आहे ती मटेरियल सायन्सच्या परिषदेतली. त्या वर्षी सगळंच वेळापत्रक बिघडत गेलं. संग्रहालयात माशाच्या खवल्यांचं चिलखत आहे. त्याच्यापुढं अख्खी परिषदच साचली. खवले एकमेकांवर कसे चढवलेत, वार कुठून कुठं पसरेल, यावर तिथंच दोन तट पडले. छत्रीनं काही होईना. मस्तानी त्या दिवशी दीड मिनिटात उरकली. शनिवारवाड्याला पोचायला पाच वाजले. 10 जानेवारी 1730, पायाभरणी, शनिवार, 1828ची आग, असं सगळं सरांनी एका श्वासात सांगितलं, नारायणरावाच्या खुनाला नेहमीचा अभिनयसुद्धा केला नाही, आणि बसमध्ये मोजणी घेतली. बेचाळीस. हवे होते त्रेचाळीस.

हरवला होता तो एक वयस्क जर्मन धातुशास्त्रज्ञ. दुसऱ्या दिवशी सकाळचं बीजभाषण त्याचंच. टेक्निकल कमिटीच्या अध्यक्षांचा चेहरा पांढरा पडला. फोन लागेना. शेवटचा कोणी पाहिला? तो दिल्ली दरवाजावरचे, हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ठोकलेले खिळे बोटांनी चाचपत होता, असं कोणी सांगितलं. सगळे एकदम बोलू लागले, पोलीस चौकी कुठंय ते विचारू लागले. सरांनी हात वर केला. "गप्प बसा जरा. ऐका."

वाहतुकीच्या गोंगाटात, कसब्याच्या अंगानं, बारीक ठोक्यांचा आवाज येत होता. मला तो ऐकू आला नव्हता हे खरं. सर म्हणाले, "धातूचा माणूस आहे. दुसरीकडं कुठं जाणार?"

तो तांबट आळीत सापडला. एका कारागिराच्या पुढ्यात, पोत्यावर, मांडी घालता येत नाही म्हणून पाय लांब करून बसला होता, आणि हातात हातोडी होती. कारागीर तांब्याच्या पातेल्यावर मठारकाम करत होता, म्हणजे शेजारी-शेजारी एकसारखे ठोके देत भांड्यावर ती चकाकती टिकल्यांची नक्षी उठवत होता. ही नक्षी नुसती शोभेची नसते. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो, भांडं टणक होतं. जर्मन बोटांनी काहीतरी रचून दाखवत होता, की आतले कण कसे अडकतात, म्हणून धातू कडक होतो, आणि फार ठोकलं तर तडकतो. कारागिराला जर्मन कळत नव्हतं, इंग्रजीही फारसं नाही. त्यानं बोटांचा खेळ पाहिला, मान डोलावली आणि भट्टीकडं हात केला. "हां. मग तापवायचं. परत मऊ येतं."

सरांनी याचं भाषांतर केलं नाही. गरज नव्हती. जर्मनानं मांडीवर थाप मारली आणि हातोडी परत कारागिराच्या हाती दिली.

एव्हाना कंटाळलेली परिषद बसमधून उतरून आमच्या मागोमाग गल्लीत आली होती. कोणी पायरीवर टेकलं, कोणी ओट्यावर. चिलखतावरून पडलेले दोन तट इथं पुन्हा भिडले, पण आता समोर खरा पत्रा होता आणि वादाचा निकाल ठोकून बघता येत होता. त्या तीन दिवसांत मी पुष्कळ सत्रं ऐकली. प्रश्नोत्तरांच्या वेळी 'थँक यू फॉर द नाइस टॉक' यापलीकडं एखादा प्रश्न विचारला गेला असेल तर तो तिथं, त्या गल्लीत. मस्तानीला घड्याळ लावून पाच मिनिटं देणारे आमचे सर पाऊणएक तास पोत्याच्या थप्पीला टेकून उभे होते आणि त्यांनी शिट्टीला हात लावला नाही. केटररचे फोन येत होते. त्यांनी फोन उलटा करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी बीजभाषणाच्या पहिल्याच स्लाइडवर एक मठारलेलं पातेलं होतं.

आता यातून एखाद्यानं काय शिकावं? सर जे शिकले ते असं. पुढच्या परिषदेच्या छापील कार्यक्रमात एक नवी ओळ आली: '5.10 ते 5.30 : तांबट आळीस उत्स्फूर्त भेट. पूर्वनोंदणी आवश्यक.' कारागिराला आधी निरोप गेला होता. तो बिचारा फेटा बांधून बसला होता आणि पातेलं आधीच पूर्ण झालेलं होतं. पाहुण्यांनी प्रत्येकी एक ठोका मारला, प्रत्येकी एक फोटो काढला आणि 5.28ला सगळे बसमध्ये होते. सरांना काहीतरी खटकलं. रात्री भाकरीच्या काउंटरपाशी ते मला म्हणाले, "तसं झालं नाही रे. त्या जर्मनासारखं. काय कमी पडलं?"

मी म्हटलं, "सर, तो हरवला होता."

सर एकदम गप्प झाले. मला वाटलं, त्यांना पटलं. पटलंच होतं. त्या नंतरच्या परिषदेची पत्रिका छापून आली तेव्हा शनिवारवाड्याच्या खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: '5.10 ते 5.35 : हरवण्यासाठी मोकळा वेळ. सर्वांनी वेळेवर परत यावे.'

त्या दिवशी ऊन बरंच होतं. बस उभी राहिली, दार उघडलं, सर खाली उतरून छत्री टेकून उभे राहिले. कोणीच उतरेना. आत एसी चालू होता, सीटशेजारी मोबाईल चार्जिंगची सोय होती, आणि सगळी परिषद माना खाली घालून आपापल्या पडद्यात बुडाली होती. सरांनी सवयीनं मोजणी घेतली. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस. इतक्या वर्षांत आकडा पहिल्यांदाच बरोबर जुळला होता, आणि सरांचा इतका संतापलेला चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

"मामा, एसी बंद करा!"

एसी बंद झाला. लोकांनी खिडक्या उघडल्या. उतरलं कोणी नाही. सर दोन पायऱ्या चढून आत गेले आणि पहिल्याच सीटवरच्या एका तरुण, सडपातळ कोरियन संशोधकासमोर उभे राहिले. छत्रीनं कसब्याची दिशा दाखवली.

"यू. येस, यू. प्लीज, गेट लॉस्ट."

तो पोरगा ताडकन उठला, कमरेत वाकून त्यानं नमस्कार केला आणि अतिशय नम्रपणे विचारलं, कोणत्या बाजूनं जाऊ?

"लेफ्ट साइड," सर म्हणाले. "बट कम बॅक बाय फाइव्ह थर्टी-फाइव्ह."